गाईला दिवस चालतात, मक्याला नाही



बियाण्याची पिशवी घेतली की सोबत एक रंगीत कागद मिळतो. पेरणीनंतर १५ दिवसांनी हे टाका, ३० दिवसांनी ते टाका, ४५ दिवसांनी तिसरं फवारा. मका जूनमध्ये पेरणाऱ्याला हाच कागद मिळतो आणि सोयाबीन काढून नोव्हेंबरच्या शेवटी पेरणाऱ्यालाही हाच मिळतो. निफाडच्या गोदाकाठच्या थंडीत पेरा, नाहीतर येवल्याच्या माळावर पेरा, कागदावरचे दिवस बदलत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. पिकाचं आणि किडीचं वय नुसत्या दिवसांत मोजायची सवय आता मोडली पाहिजे. वय मोजायचं ते मिळालेल्या ऊबेत. दिवसांच्या हिशोबात खत अवेळी पडतं, औषध वाया जातं, आणि ते पैसे कागद छापणाऱ्याच्या खिशातून जात नाहीत, आपल्या जातात.

आधी हे बघू की दिवस चालतात कुणाला.

शेळी १५० दिवसांत विते. गाय साधारण २८० दिवसांत, म्हैस ३१० च्या आसपास. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की २१ व्या दिवशी पिल्लं. हे आकडे आपल्या घराघरांत पाठ आहेत आणि ते बरोबर आहेत. गाय पौषात गाभण राहिली काय आणि वैशाखात राहिली काय, चार-आठ दिवसांचा फरक, जास्त नाही. कारण वासरू वाढतं ते गाईच्या पोटात, आणि बाहेर थंडी असो की ऊन, गाईचं अंग साडेअडतीस अंशांच्या आसपासच राहतं. कोंबडीच्या पोटाखाली तसंच. अंडी उबवायच्या यंत्रातसुद्धा साडेसदतीस अंश ठेवतात म्हणून २१ दिवसांत पिल्लू निघतं. यंत्र थंड चाललं तर पिल्लं उशिरा निघतात. म्हणजे २१ हा आकडा अंड्याचा नाही, तो त्या ठरलेल्या ऊबेचा आहे.

आणि गाय हे फुकट करत नाही. थंडीत अंग गरम ठेवायला ती चारा जाळते. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला धापा टाकते, चारा कमी खाते आणि दूध आटतं. वासराचे दिवस पाळायचा खर्च ती असा भरते.

मक्याच्या अंगात अशी चूल नाही. अळीच्या अंगात नाही, मित्रकिडीच्या नाही, जमिनीतल्या जिवाणूच्या नाही. बाहेर बारा अंश तर त्यांच्या आतही जवळपास बाराच. त्यांचा दिवस हवा ठरवते. जनावरांवरून शिकलेलं माप आपण पिकाला लावलं, घोळ तिथं आहे.

घरातल्या बायकांना ही गोष्ट शेतकऱ्याच्या आधीपासून कळते. मे महिन्यात सकाळी विरजण लावलं की दुपारच्या जेवणाला दही तयार. पौषात रात्री लावायचं, भांडं गोधडीत गुंडाळायचं, तरी सकाळी अधमुरंच. विरजण तेच, दूध तेच. 'आठ तासांत दही होतं' असं कुठली आई म्हणत नाही, ती भांड्याला हात लावून बघते. आणि उकळत्या दुधात विरजण टाकलं तर दही लागतच नाही, हेही तिला माहीत असतं.

याचं कारण असं. झाड असो, अळी असो की दह्यातला जिवाणू, शरीरातलं सगळं काम एन्झाइम करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणायचे. ऊब वाढली की हे काम वेग घेतं. ढोबळमानानं दहा अंश वाढले की वेग दुपटीच्या आसपास जातो. पण हे एका मर्यादेपर्यंतच. विकरं ही प्रथिनं आहेत, आणि प्रथिन फार तापलं की बिघडतं. अंड्यातला पांढरा भाग उकडल्यावर घट्ट होतो, तो परत पातळ होत नाही, तसं.

म्हणून प्रत्येक जिवाला तीन खुणा असतात. एक, जिच्याखाली वाढ थांबते. दुसरी, जिथं वाढ सगळ्यात चांगली. तिसरी, जिच्यावर नुकसान सुरू. पहिल्या आणि दुसऱ्या खुणेच्या मधे वाढीचा वेग ऊबेच्या प्रमाणात सरळ चढतो. आपला हिशोब या टप्प्यावर बसतो.

हा हिशोब नवा नाही. १७३५ साली रेओमूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडलं की पीक तयार व्हायला रोजच्या तापमानाची एक ठरावीक बेरीज लागते. आज कृषी हवामानवाले त्याला ग्रोइंग डिग्री डेज म्हणतात. मी त्याला ऊबेचं युनिट म्हणतो, कारण घरच्या विजेचं बिल दिवसावर येत नाही, मीटरवरच्या युनिटवर येतं. (पंपाच्या बिलाचं बोलत नाही, तो हिशोब वेगळाच आहे.)

गणित सहावी-सातवीचं आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनानं भागा, त्यातून त्या पिकाची खालची खूण वजा करा. उरलं ते त्या दिवसाचं युनिट. मक्याची खालची खूण १० अंश धरतात, आणि ३० च्या वर वेग वाढत नाही म्हणून कमाल ३० च्या वर गेलं तरी ३० च धरतात. किमान १० च्या खाली गेलं तर १० धरतात.

आता करून बघा. खरिपातला एक दिवस, कमाल ३२, किमान २३. बत्तीसचे धरायचे ३०. ३० आणि २३ मिळून ५३, निम्मे साडेसव्वीस, त्यातून १० गेले, उरले साडेसोळा युनिट. डिसेंबरमधला एक दिवस, कमाल २८, किमान ११. मिळून ३९, निम्मे साडेएकोणीस, दहा गेले, उरले साडेनऊ.

म्हणजे खरिपातला एक दिवस डिसेंबरच्या पावणेदोन दिवसांएवढा. आणि कागद दोघांनाही एक दिवस म्हणतो.

अमेरिकेच्या मका पट्ट्यात मोजून ठेवलंय की मका उगवून वर यायला साधारण ६५ युनिट लागतात, आणि पुढं दहा पानांपर्यंत प्रत्येक पानाला ४५ ते ४७. पान म्हणजे पूर्ण उघडलेलं, बुडाशी गळपट्टी दिसणारं. आपल्या वाणांत आकडा थोडा मागं-पुढं होईल, रीत तीच राहते. त्या हिशोबानं खरिपात २० दिवसांत ३३० युनिट होतात, म्हणजे मका जवळपास सहा पानांवर. डिसेंबरात २० दिवसांत १९० युनिट, म्हणजे तीन पानंही पुरी नाहीत.

आता कागदावरचं '३० दिवसांनी युरियाचा हप्ता' घ्या. खरिपात तीस दिवसांत ४९५ युनिट होतात, मका नऊ पानांवर असतो. कणसात दाण्याच्या ओळी किती, हे साधारण सातव्या-आठव्या पानापासून ठरायला लागतं. म्हणजे तिथं हप्ता उशिरा गेला. डिसेंबरात तीस दिवसांत २८५ युनिट, मका पाच पानांवरही नाही, मुळ्या वितभर. युरिया पिकाच्या उपयोगी करून देणारे जमिनीतले जिवाणूही थंडीत मंद. वरून आपण पाणी भरतो आणि ते नत्र मुळांच्या खाली निघून जातं. एकच कागद एका हंगामात उशीर करतो आणि दुसऱ्या हंगामात घाई. नुकसान दोन्हीकडं.

म्हणून पहिली सूचना, तापमापक नसला तरी चालेल अशी. खताचा हप्ता दिवसावर टाकू नका, पानावर टाका. पान हे झाडानं स्वतः लावलेलं मीटर आहे. मक्याची पानं मोजा, गव्हाचे फुटवे मोजा, द्राक्षाच्या काडीची पानं मोजा. झाड खोटं बोलत नाही.

किडीकडं येऊ. इथं तर पैसा जास्तच जातो.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तेव्हापासून मक्यात दर आठ दिवसांनी फवारणी असा पायंडा काही ठिकाणी पडून गेला आहे. ही अळी वेगवेगळ्या तापमानात पाळून शास्त्रज्ञांनी मोजलंय. सतत १८ अंशांत ठेवली तर अंड्यापासून पतंग व्हायला ७० दिवसांच्या वर लागतात. ३२ अंशांत ठेवली तर २० दिवसांत पतंग. कीड तीच, खाणं तेच. तिची खालची खूण साडेबारा अंशांच्या आसपास आणि पूर्ण पिढीला लागणारी ऊब साधारण ३९० युनिट.

मघाचे दोन दिवस घ्या. खरिपात सरासरी साडेसत्तावीस, त्यातून साडेबारा गेले, रोजचे १५ युनिट. पिढी २६ दिवसांत. डिसेंबरात सरासरी साडेएकोणीस, रोजचे ७ युनिट. पिढी ५६ दिवसांत.

औषध लागू पडतं ते लहान अळीवर. मोठी झाली, पोंग्यात खोल गेली, वरून विष्ठेचं बूच बसलं की महागातलं औषधही तिच्यापर्यंत पोचत नाही. सापळ्यात पतंग दिसल्यापासून अंडी फुटून अळी अर्धी वाढायला खरिपात नऊ-दहा दिवस लागतात. डिसेंबरात अठरा-वीस. मग थंडीत दर आठ दिवसांनी फवारणारा माणूस काय करतो? एकाच पिढीवर दोन-तीनदा पैसे घालतो, पहिल्यांदा तर निम्मी अंडी फुटलेलीही नसतात. आणि खरिपात तोच माणूस पावसाच्या उघडिपीची वाट बघत पाच दिवस थांबला की अळी हातची गेली. शिवाय विनाकारण फवारणी झाली की अळी त्या औषधाला सरावते, ते वेगळंच.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतात सगळी अळी एका वयाची नसते, नवे पतंग रोज रात्री येऊन अंडी घालतात. म्हणून शेतात फिरून पोंगे बघणं सुटत नाही. युनिट एवढंच सांगतात की कधी बघायला जायचं. औषध द्यायचं की नाही ते पोंगा सांगेल.

आपण म्हणतो ना, ढगाळ वातावरण झालं की कीड वाढते. त्यातलं एक कारण या हिशोबात दिसतं. थंडीत ढग आले की दिवसाचं ऊन कमी होतं, पण रात्रीची थंडी जास्त कमी होते. २८ आणि ११ चे २७ आणि १६ होतात. सरासरी साडेएकोणीसवरून साडेएकवीसवर जाते. दोनच अंश, पण अळीला मिळणारे युनिट ७ चे ९ होतात, आणि ५६ दिवसांची पिढी ४३ वर येते. आपण दिवसाच्या उन्हाकडं बघत बसतो, किडीचा फायदा रात्रीच्या ऊबेत होतो. हिवाळे उबदार होत चालले तर हंगामात किडीची एखादी पिढी जास्त निघेल, याची भीती मला उन्हाळ्याच्या कडाक्यापेक्षा जास्त वाटते.

हाच न्याय मित्रजीवांना. मेटारायझियम, बिव्हेरिया ही बुरशी आहे, म्हणजे जीव आहे. तिला साधारण २५ ते ३० अंश मानवतात आणि ओल लागते. एप्रिलच्या दुपारी ३९ अंशांत ती फवारायची आणि मग चारचौघांत सांगायचं की जैविकमध्ये दम नाही. दम आपल्या वेळेत नसतो. संध्याकाळी, ओल असताना फवारा आणि मग बोला. ट्रायकोकार्डही तसंच. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर तापलेलं कार्ड शेतात लावून उपयोग नाही.

आता वरच्या खुणेकडं. 'ऊब वाढली की वाढ वाढते, मग चांगलंच की' असं कुणी म्हणेल. तसं नाही.

गव्हाचं बघा. गव्हाला फुटवे फुटायला थंडी लागते, आणि दाणा भरायला सावकाश मिळणारे दिवस लागतात. ऊब वाढली की गहू घाई करतो. ओंबी लवकर निसवते, दाणा भरायचे दिवस कमी मिळतात, दाणा बारीक राहतो. शेतकरी खूश होतो की गहू दहा दिवस आधी निघाला. खळ्यावर पोतं भरताना कळतं की काय गेलं. म्हणून बागायती गव्हाला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सांगतात. उशीर करणारा दिवस घालवत नाही, थंडी घालवतो.

२०२२ साली हे सगळ्या देशानं बघितलं. त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत सगळ्यात जास्त कमाल तापमानाचा मार्च ठरला. आपल्याकडं तेव्हा गहू काढणीला आलेला होता, पण पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात तो नेमका दाणा भरण्यात होता. सरकारचा गव्हाचा अंदाज ११.१ कोटी टनांवरून १०.६ कोटी टनांवर आला आणि १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली. पाणी होतं, खत होतं, बी होतं. तीन-चार आठवड्यांची जास्तीची ऊब तेवढी आडवी आली आणि देशाचा बाजार हलला.

रात्रीच्या ऊबेचंही असंच. फिलिपाइन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या नोंदींवरून २००४ साली मांडलं गेलं की उन्हाळी भातात हंगामाचं सरासरी किमान तापमान १ अंशानं वाढलं की उत्पादन १० टक्के घटलं. किमान तापमान, कमाल नव्हे. याचं एक कारण असं सांगतात की दिवसा पानानं कमावलेली साखर झाड उबदार रात्री श्वासात जास्त जाळतं. दिवसभराची मजुरी रात्री उडवणाऱ्या गड्यासारखं.

टोमॅटोवाल्यांना तर सांगायलाच नको. रात्री उबदार आणि दिवस ३५ च्या पुढं गेले की फूल गळतं, कारण पराग निकामी होतो. आणि फळ धरलं तरी ३० च्या वरच्या तापमानात लाल रंग नीट तयार होत नाही, म्हणून उन्हाळ्यात माल पिवळट-नारंगी दिसतो. अशा वेळी रंगासाठी म्हणून बाटल्या विकल्या जातात. ज्या रंगाला सावली आणि थंडावा पाहिजे, तो बाटलीतून कसा येणार, हा प्रश्न काउंटरवर विचारायला काय हरकत आहे?

आता काही जाणकार मंडळी म्हणतील की शेतकऱ्याला दिवस सोपे पडतात, युनिटाचा हिशोब कोण करणार. मला हे पटत नाही. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी पेरणीपासून दिवस कुठं मोजले? त्यांनी नक्षत्रं मोजली. मृगात काय पेरायचं, रब्बी ज्वारीला हस्त कसा, स्वातीपर्यंत कशाला थांबायचं. नक्षत्र म्हणजे सूर्याची जागा, आणि सूर्याच्या जागेत पाऊस आणि ऊब दोन्ही आले. 'पेरणीनंतर ३० दिवस' या मापात ऋतू नाही. नक्षत्रात तो होता. म्हणजे ऊबेचं माप आपल्याला परकं नाही, ते मधल्या काळात कागदानं विसरायला लावलं. आता नक्षत्रावरही पूर्ण विसंबता येत नाही, कारण स्वाती तारखेला येते पण थंडी तारखेला येत नाही. म्हणून मोजायची वेळ आली आहे.

या हिशोबाची मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या कुणी याचाच मंत्र करायचा. युनिट पाणी मोजत नाहीत. ताण बसलेलं पीक ऊब असून वाढत नाही. सोयाबीनसारख्या पिकाचं फुलणं ऊबेबरोबर दिवसाच्या लांबीवर चालतं. कांद्याचं गड्डं पोसणंही तसंच, आणि मोठ्या झालेल्या रोपाला जास्त थंडी लागली की कांदा डेंगळे काढतो. तिथं थंडी म्हणजे नुसता कमी वेग नाही, ती झाडाला फुलायचा निरोप असते. असं प्रत्येक पिकाचं वेगळं आहे. पण या मर्यादा दिवसांच्या हिशोबाला तर आहेतच, शिवाय त्यात ऊबही धरलेली नाही. कमी चुकणारं माप हातात असताना जास्त चुकणारं का वापरायचं?

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढं सांगतो. आपल्या राज्यात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. तिथं भरपाई ठरवताना केंद्रावरचं तापमान किती अंशांवर गेलं, किती दिवस राहिलं, हे बघतात. केळीवाल्यांना, द्राक्षवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. तिथं अर्धा अंश कमी पडला तर कुणी 'ढोबळमानानं' म्हणत नाही. म्हणजे पैसे द्यायची वेळ आली की अंश मोजतात, आणि सल्ला द्यायची वेळ आली की दिवस मोजतात. यंत्र आहे, आकडा आहे, मोजणारा आहे. फक्त तो आकडा शेतकऱ्याच्या कामाच्या रूपात पुढं सरकत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

बियाणं कंपन्यांनी पिशवीवर '११० दिवस' लिहा, पण त्याखाली किती युनिटला फुलोरा आणि किती युनिटला काढणी हेही छापा. हे आकडे चाचण्यांत काढता येतात, त्याला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही.

विद्यापीठं आणि हवामान खात्याचा मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचं कमाल-किमान असतं. त्यासोबत एक ओळ वाढवा: अमुक तारखेला पेरलेल्या मक्याचे आजपर्यंत इतके युनिट झाले, लष्करी अळीची पिढी इथपर्यंत आली. संगणकाला हे काम क्षणाचं आहे.

तिसरी मागणी कृषी सहाय्यक आणि सेवा केंद्रवाल्या भाऊंना. शेतकरी 'किती दिवसांचं पीक आहे' याचं उत्तर घेऊन आला तर त्याला पुढं विचारा, 'किती पानांचं आहे, रात्री थंडी किती आहे?' एवढ्या दोन प्रश्नांनी निम्म्या फवारण्या जागेवर येतील असं माझं मत आहे.

आणि सगळं दुसऱ्यांवर टाकून चालणार नाही. आपलं काम आपण करायचं. कमाल-किमान तापमापक मिळतो, इंग्रजी यू अक्षरासारखी नळी असलेला. दोन बाजूंना दोन खुणा असतात, त्या दिवसाचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी जिथं गेलं तिथं थांबतात. एका चांगल्या फवारणीपेक्षा तो महाग नाही. लावताना मात्र नीट लावा. जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, सावलीत, पण वारा खेळेल असा. पत्र्याच्या शेडला, मोटारीच्या पेटीशेजारी किंवा भिंतीला टेकवून लावलात तर तो पत्र्याचं तापमान सांगेल, पिकाचं नाही. रोज एकाच वेळी बघा, लिहा, खुणा परत जागेवर आणा. दोन मिनिटांचं काम.

मोबाइलवरचं तापमान बघतो म्हणणाऱ्यांनी एक आठवडा दोन्ही शेजारी-शेजारी लिहून बघावं. मोबाइल बहुतेक वेळा मोठ्या परिसराचा अंदाज देतो, आपल्या रानाचं मोजमाप नाही. ओढ्याकाठचं खोलगट रान आणि वरचं माळरान, एकाच गटात असले तरी पहाटे दोन-तीन अंशांचा फरक असू शकतो, कारण थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी खाली साचते. दोन अंशांनी अळीचे दिवस किती बदलतात ते वर बघितलंच आहे.

उन्हाळी भुईमूग लावणाऱ्यांनी तर येत्या हंगामात एवढं तरी कराच. जमीन १८ अंशांच्या खाली असेल तर शेंगदाण्याची उगवण रेंगाळते, बी जमिनीत पडून राहतं आणि बुरशीला सापडतं. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरू नका. पहाटे नाही तर सकाळी आठ-नऊला दोन इंच खोल तापमापक खोचा, तीन-चार दिवस सलग आकडा बघा, मग तिफण जुंपा. बियाण्याचा भाव बघता चार दिवस थांबणं स्वस्त पडतं.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, कमाल, किमान, त्या दिवसाचे युनिट, आजवरची बेरीज. शेजारी जागा असेल तर पानं किती आणि सापळ्यात पतंग किती. एक हंगाम लिहिलंत की तुमच्या रानाचा, तुमच्या वाणाचा आकडा तुमच्याकडं तयार होईल. तो कुठल्याही रंगीत कागदावर मिळणार नाही.

या रब्बीत मका किंवा गहू असलेल्यांनी पेरणीची तारीख, गाव आणि रोजचं कमाल-किमान लिहून ठेवा आणि हंगाम संपल्यावर इथं पाठवा. दहा गावांचे आकडे जमले तरी आपण एकत्र मांडू आणि ते घेऊन विद्यापीठाच्या शिवारफेरीला जाऊ. नुसती मागणी करण्यापेक्षा आकडे समोर ठेवलेले बरे.

राम राम.